खट् वाजल्याशिवाय

आमच्या ह्यांनी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा सोसायटीतल्या लोकांनी त्यांना सकाळच्या हास्यक्लबात यायचं आमंत्रण दिलं. हे म्हणाले, "मला कारणाशिवाय हसू येत नाही." विषय संपला.

पिंपरीतल्या एका कारखान्यात, पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात त्या प्रेस शॉपमध्ये ह्यांचा जन्म गेला होता. परदेशी कंपन्या आल्या, नवी यंत्रं आली आणि जुन्या माणसांना गोड शब्दांत 'आता घरी बसा' असं सांगायचे ते दिवस. त्याच सुमारास आमची मुलगी हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये लागली. ज्या कोपऱ्यावर बापाची कंपनीची बस थांबायची, त्याच कोपऱ्यावर आता लेकीची एसी बस थांबायला लागली. हे खिडकीतून तिला हात करायचे आणि मग दिवसभर काय करायचं म्हणून माझ्या स्वयंपाकघरात यायचे. डबे उंचीप्रमाणे लावायचे. गॅसची नळी तपासायचे. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई, माझा आवाज शेजारच्या वर्गातही चालायचा. त्याच आवाजात एक दिवस सांगितलं, "अहो, काहीतरी उद्योग शोधा, नाहीतर मी माहेरी जाते." माहेर शनिवार पेठेत, रिक्षानं पाव तासावर, पण धमकी लागू पडली.

ते बोहरी आळीतल्या हत्यारांच्या दुकानात गेले आणि कटर घेऊन आले.

कटर म्हणजे हातात धरून चालवायची गोल पात्याची विजेची करवत. पातं बशीएवढं आणि त्याला चहूबाजूंनी दात. वरचा अर्धा भाग लोखंडी टोपीखाली झाकलेला, आणि खालच्या अर्ध्या भागावर एक हलतं झाकण, म्हणजे गार्ड. लाकडात पातं शिरायला लागलं की गार्ड आपला मागे सरकतो, आणि लाकूड संपलं की स्प्रिंगच्या जोरावर खट्कन पुन्हा पात्यावर येऊन बसतो. हे सगळं मला ह्यांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर, मागे शहाबादी फरशीचं छोटं अंगण. तिथे ह्यांनी कारखाना मांडला आणि भिंतीवर खडूनं लिहिलं, 'कापताना माझ्याशी बोलू नये. कापून झाल्यावरही काम असेल तरच बोलावे.' वरच्या मजल्यावरच्या काकू ती पाटी वाचायला मुद्दाम खाली आल्या आणि काही न बोलता वर गेल्या. ह्यांना फार बरं वाटलं.

प्रेस शॉपमध्ये ह्यांनी लोकांची बोटं जाताना पाहिली होती. त्याबद्दल ते घरी कधी फारसं बोलले नाहीत, पण गार्ड काढून ठेवून काम करणाऱ्या माणसाला ते 'आत्महत्या करणारा' म्हणायचे. घरीही तेच. फळी लाकडी घोड्यांवर नीट टेकवायची, तीही अशी की कापलेला तुकडा मोकळा खाली पडला पाहिजे. दोन्हीकडून दाबून धरलेल्या फळीत पातं अडकलं की अख्खं कटर माणसाच्या अंगावर उसळतं. पातं फळीच्या खाली जेमतेम दातभर डोकवेल एवढंच खोल ठेवायचं. वायर खांद्यावरून मागे. उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नाही, जरा बाजूला. पातं बदलायचं तर आधी वायरची पिन बोर्डातून काढून स्वतःच्या खिशात. आणि पायात कंपनीचे जुने बूट, पुढे लोखंडी टोपी असलेले, मे महिन्याच्या उन्हातसुद्धा. मी म्हणायचे, "लग्नाला निघाल्यासारखी तयारी करता." हे म्हणायचे, "लग्नाला एवढी काळजी घेतली असती तर..." आणि पुढचं वाक्य गिळायचे.

मी आत भाजी निवडत बसायचे. कान मात्र अंगणात. हळूहळू मला आवाज पाठ झाले. आधी मोकळ्या पात्याचा सूं, मग लाकडात शिरल्यावरचा घोगरा आवाज, मग फळी पडल्याचा धप्प, मग उतरत जाणारा सूर आणि त्यातच खट्. तो खट् वाजला की मी पुढची जुडी हातात घ्यायचे. खट् म्हणजे दात झाकले गेले, माणूस शाबूत आहे.

मुलीचं लग्न झालं, दिवस गेले, तेव्हा ती म्हणाली, पाळणा ऑनलाइन मागवू. तेव्हा असं काही मागवता येतं हेच ह्यांना नवीन. म्हणाले, "माझी नात पार्सलमधनं आलेल्या पाळण्यात झोपणार नाही." नात की नातू कोणाला ठाऊक, पण ह्यांचं ठरलेलं होतं. डहाणूकर कॉलनीत एक बंगला पाडून तिथे इमारत उभी राहत होती. त्याचे सागवानी दरवाजे हे टेम्पोत घालून घेऊन आले. फुटक्या रेडिओतलं लोहचुंबक काढून फळी न् फळी त्याने चाचपली. कुठे जुना खिळा आत राहिला आणि पात्याच्या वाटेत आला तर दात तुटून तोंडावर उडतो. चुंबक चिकटलं की उकरून खिळा काढायचे आणि मला आत आणून दाखवायचे, जणू मीच तो ठोकला होता.

पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. दिवाळीनंतरची तारीख होती. पाळणा बारशाच्या आत व्हायला हवा होता.

आणि ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता.

ते मला पहिल्यांदा बशीमुळे कळलं. आमच्याकडे चहा बशीत ओतून प्यायची पद्धत, ह्यांची तर फारच. एक दिवस म्हणाले, "कपातच बरा लागतो." मग वर्तमानपत्र हातात धरायच्याऐवजी टेबलावर पसरून वाचायला लागले. टीव्ही बघताना उजवा हात मांडीखाली. मी एकदा विचारलं, "अहो, हाताला काय होतंय?" "काही नाही." "डॉक्टरांना दाखवू या ना." "हाताला काही झालेलं नाही, आणि डॉक्टर गप्पा मारतो." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! जन्मभर दुसऱ्यांच्या हातांची काळजी करणारा माणूस, आणि स्वतःच्या हाताचं नाव काढायची सोय नाही.

सांगणार तरी कसं? कटर ठेवा म्हणावं, तर त्या माणसाकडे दुसरं काय होतं? न सांगावं, तर दातांचं ते पातं आणि तो हात. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. मुलीला यातलं काही बोलले नाही. तिला आठवा चालू होता.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. पूर्वी पातं पूर्ण थांबेपर्यंत हे कटर हातात धरून उभे राहायचे. आता थांबायच्या आत खाली टेकवायचे. वजन पेलत नव्हतं. मला ते आवाजावरून कळायचं. उतरत्या सुराच्या मधेच, आधी खट् आणि लगेच फरशीवर टेकल्याचा ठक्. गार्ड बसतोय ना, मग चालतंय, असं त्यांनी मनाशी धरलं असावं.

खंडेनवमी आली. घरात हत्यारांची पूजा ह्यांच्याकडे. कंपनीत हे दर वर्षी प्रत्येक प्रेसला हळदकुंकू लावून लाल-पिवळा नाडा बांधायचे आणि तो वर्षभर काढायचे नाहीत. तेलाने काळा होऊन आपणहून तुटेल तेव्हा तुटेल. घरी त्या दिवशी पाटावर पक्कड, पाने, रंधा, माझी विळी, आणि एका बाजूला मुलीचा कंपनीचा लॅपटॉप मांडला होता. "बाबा, त्याच्यावर कुंकू नको, आयटीवाले ओरडतील," ती सोफ्यावरून म्हणाली. ह्यांनी झाकणावर हळदीचा एक ठिपका लावलाच. ती पुसत राहिली दिवाळीपर्यंत.

मध्यभागी कटर. आता पूजा करायची ती पात्याची, आणि पातं तर गार्डखाली झाकलेलं. ह्यांनी गार्डची कडी मागे ओढली, पातं उघडं केलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि ते आरती होईपर्यंत उघडं राहावं म्हणून तसाच लाल-पिवळा नाडा कडीला घालून मुठीला बांधला. वरून झेंडूची माळ. फार सुंदर दिसत होतं. मी आरतीचं ताट धरून उभी होते, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. देवापुढे मांडलेल्या वस्तूकडे आपण अशा नजरेनं बघतच नाही.

दसऱ्याला यंत्राला हात लावायचा नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी माळ काढली. नाडा ठेवला. नाडा काढायचा नसतो ना! कंपनीतल्या प्रेसचे गार्ड पक्के बसवलेले, त्यांना नाडा बांधा नाहीतर पैठणी नेसवा, काही फरक पडत नाही. इथे मात्र ज्या माणसानं गार्डशिवाय कोणाला यंत्राजवळ उभं केलं नाही, त्यानं स्वतःच्या हातानं, भक्तिभावानं गार्ड बांधून ठेवला होता.

मी मेथी निवडत होते. सूं झालं. घोगरा आवाज झाला. फळी पडली, धप्प. सूर उतरायला लागला आणि मी खट् ची वाट बघत राहिले.

खट् आलाच नाही.

त्याऐवजी दगडावर लोखंड घासल्याची किंचाळी उठली. मेथी तिथेच टाकून धावले. कटर उलटं फरशीवर पडलं होतं आणि हे भिंतीला पाठ लावून उभे होते. फरशीवर पांढरा ओरखडा, सरळ ह्यांच्या पायापर्यंत गेलेला. फिरतं पातं फरशीला लागलं आणि यंत्र मागे उसळून ह्यांच्यावरच आलं होतं. उजव्या बुटाचं पुढचं कातडं फाटून आतली लोखंडी टोपी चकाकत होती. मी खाली बसून तो बूट काढला, मोजा काढला, पायाची बोटं एकेक हातात धरून पाहिली. सगळी होती. मग मी जी रडायला लागले ती थांबेना.

"नाडा," हे म्हणाले. "नाडा राहिला."

"नाडा राहिला?" मी ओरडले. "अन् खाली कोणी टेकवलं? पातं फिरत असताना? तुमचाच नियम ना तो? भिंतीवर लिहा आता, आधी बायकोला विधवा करावे, मग बोलावे!" वरच्या काकूंच्या खिडकीचं दार लागल्याचा आवाज झाला. मी आणखी बरंच बोलले. उजवा हात त्यांनी पँटच्या खिशात घातलेला होता, आणि खिसा हलत होता. तो मला दिसला. मला दिसला हे त्यांनाही दिसलं.

त्यांनी पिन काढली, खिशात ठेवली. नाडा कापला. कटर खोक्यात गेलं आणि पाळण्याच्या फळ्या भिंतीला टेकून राहिल्या. मुलीला बुटाबद्दल सांगितलं, वर्‍हाडी पद्धतीने नव्हे, पुणेरी पद्धतीने. म्हणजे 'बूट फाटला, जुना होता.' दिवाळी आली. मी एकदा भीत भीत म्हणाले की सुताराला बोलावू का. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "सुतार पाळणा करेल. तो पाळणा मी केला नसेल." मग मीही नाद सोडला.

भाऊबीज झाल्यावर एका सकाळी खोकं परत अंगणात आलेलं दिसलं. हे स्टुलावर बसले होते.

"माझ्या डोळ्यांचा नंबर वाढलाय," ते म्हणाले. "रेष दिसत नाही."

नंबर गेल्याच महिन्यात तपासला होता, मीच बरोबर गेले होते.

"तू काप," ते म्हणाले.

"मी? वेड लागलंय का?"

"कोथिंबीर चिरताना तुझं बोट कधी कापलंय?"

"अहो, ती कोथिंबीर आहे!"

"नीट चिरतेस. घाई करत नाहीस. बाकी सगळ्यात करतेस."

अशी ती शिकवणी सुरू झाली. मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं, पण असा मास्तर मला कधी भेटला नाही. आधी कित्येक दिवस पिन लावायचीच नाही. नुसतं यंत्र दोन्ही हातांनी धरायचं, रेषेवरून न्यायचं, थांबायचं. साडी नको म्हणाले, पदर पात्यात जातो. मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घातला, ओढणीशिवाय. सगळी सोसायटी त्या आठवड्यात काही ना काही कारणानं मागच्या अंगणावरून गेली. मंगळसूत्र ड्रेसच्या आत. बांगड्यांवरून मात्र आमची जुंपली. "काढ." "सवाष्ण बाईनं हात रिकामे ठेवायचे नसतात." "मग मनगट रिकामं झालेलं चालेल?" शेवटी एकेक काचेची बांगडी ठेवली आणि त्यावर ह्यांचा जुना शर्ट घालून बाहीचं बटण घट्ट लावलं. आरशात बघितलं तर मी कुणी तिसरीच बाई.

आणि पिन लावायच्या आधी, दर वेळी, गार्ड हातानं मागे ओढायचा आणि सोडायचा. खट् वाजला तरच पुढे. "वाजला?" ते विचारायचे. "वाजला." "परत." हे त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतलं की अजूनही मी कपाटाचं दार लावलं की क्षणभर थांबते.

पहिल्यांदा पातं चालू केलं तेव्हा मी मूठ दोन्ही हातांनी आवळून धरली. "आधी पूर्ण वेग येऊ दे. मग लाकडाला लाव. ढकलू नकोस, त्याला खाऊ दे." हे माझ्या बाजूला जरा लांब उभे, दोन्ही हात पाठीमागे बांधून. नियम होता की यंत्राजवळ एकाच माणसाचे हात असावेत. पण हात पाठीमागे का, ते मला कळत होतं. फळी कापली गेली. धप्प. मी बटणावरून बोट काढलं, आणि सूर उतरून पातं ठार थांबेपर्यंत कटर धरून उभी राहिले. खांदे भरून आले, तरी खाली टेकवलं नाही. खट् झालेला होता. मी वळून बघितलं तर ह्यांचे डोळे भरले होते.

"वाकडं कापलंस," ते म्हणाले. सरळ होतं. सुतारकामाच्या भाषेत अगदी गुण्यात, म्हणजे काटकोनात होतं.

राहिलेल्या सगळ्या फळ्या मी कापल्या. घासणं, जोडणं, पॉलिश ह्यांनी केलं, सावकाश, डाव्या हातानं उजवा धरून. मुलीला सांगितलं, बाबांच्या डोळ्यांचा नंबर वाढलाय म्हणून आई कापते. तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि हो म्हणाली. आमच्या घरात खोटं बोलायची पद्धत नाही, पण कोणी बोलत असेल तर मधे तोंड घालायचीही नाही.

मुलगी झाली. ह्यांनी आधीच सांगितलेलं खरं ठरल्यामुळे ते दोन दिवस असह्य झाले होते. बारशाला पाळणा फुलांनी सजवला, बायकांनी गाणी म्हटली, सगळ्यांनी सागवानाला हात लावून बघितलं. वरच्या काकू म्हणाल्या, "आवाज फार झाला, पण वस्तू बरी झाली." त्यांच्याकडून ही पदवीच.

दुपारी सगळे गेल्यावर घर शांत झालं. मुलगी पलंगावर पडलेली, डोळे मिटून. बाळ पाळण्यात. हे शेजारी खुर्चीत बसले होते, पाळण्याची दोरी उजव्या हातात, हात मांडीवर. मी चहा घेऊन आले.

"बाबा," मुलगी डोळे न उघडता म्हणाली, "झोपलीय ती केव्हाच. किती वेळ हलवताय? दमाल. राहू दे आता."

ह्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. हात नुसता मांडीवर पडलेला होता, दोरी बोटांत, आणि पाळणा बारीक बारीक, सारखा हलत होता.

"मी नाही गं हलवत," ते म्हणाले. "हात आपोआप हलतो माझा."

मुलीनं डोळे उघडले. ज्या एका वाक्यासाठी मी कितीतरी महिने देव पाण्यात घालून बसले होते, ते हे असं, बाळ उठू नये म्हणून हळू आवाजात सांगून झालं होतं. मी कप खाली ठेवला आणि ह्यांच्या हातावर माझा हात घट्ट दाबून धरला. थरथर माझ्या तळव्याखाली थांबली. पाळणा थांबला.

बाळ जागं झालं आणि त्यानं भोकाड पसरलं.

"काढ तुझा हात," हे म्हणाले.

मी काढला. पाळणा पुन्हा हलायला लागला, आणि पोरगी झोपली.